बेळगावच्या दोन टाळ्या, बेळगाविच्या चार

खानापूरकडचा जुलैचा पाऊस कौलांवर कोसळायला लागला की बालवाडीच्या खोलीत बोललेलं ऐकू जात नाही. अंगणात चिखल, मुलं आत कोंडलेली, गोष्ट सांगावी तर मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचत नाही. अशा वेळी मी टाळ्यांचा खेळ घेते. नाव म्हणायचं आणि त्याचे जेवढे तुकडे पडतील तेवढ्या टाळ्या वाजवायच्या. ओम, एक. राधा, दोन. आरोही, तीन.

एकदा सगळ्यांची नावं संपली तेव्हा मी म्हटलं, आता बेळगावच्या टाळ्या वाजवूया. वीसेक मुलांनी ‘बेळ-गाव’ म्हणत दोन वाजवल्या. खिडकीजवळ बसलेली, कन्नड घरातली साडेतीन वर्षांची एक मुलगी मात्र पुढं वाजवतच राहिली. बे-ळ-गा-वि. चार. ‘चुकली, चुकली’ असा एकच कालवा झाला. तिनं ओठ घट्ट मिटले, माझ्याकडं बघितलं आणि परत तशाच चार वाजवल्या.

ती बरोबर होती. मराठीत आपण ‘ळ’नंतरचा आणि ‘व’नंतरचा ‘अ’ गिळतो, म्हणून गावाचे दोनच ठोके पडतात. कन्नडमध्ये शब्दाच्या पोटातला स्वर असा गिळत नाहीत आणि शब्द बहुतेक वेळा स्वरावरच संपतो, म्हणून चार. तिला हे व्याकरण कोणी शिकवलं नव्हतं. घरात कानावर पडलेलं तिनं हातांनी मोजून दाखवलं. मग मी सगळ्यांकडून आधी दोन टाळ्या वाजवून घेतल्या, नंतर चार. पुढचे आठ दिवस मुलं जाता-येता हेच करत होती.

लहान मुलांच्या संगीतवर्गाचा उपयोग काय, असं कोणी विचारलं की मला हा प्रसंग आठवतो. विचारणारे पुष्कळ असतात. टिळकवाडीत, शहापुरात आता तीन वर्षांच्या मुलांसाठीही म्युझिक क्लासच्या पाट्या दिसतात. निपाणी-चिकोडीकडचे पालकही चौकशी करतात. प्रश्न साधारण एकच असतो, ‘बाई, गाण्यानं पोरगं हुशार होतं म्हणतात, खरं काय?’

त्याचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं बोलता येईल.

या समजुतीचं मूळ अमेरिकेतल्या १९९३ सालच्या एका प्रयोगात आहे. ३६ कॉलेज विद्यार्थ्यांना मोझार्टची एक रचना दहा मिनिटं ऐकवली आणि मग कागदाच्या घड्या मनातल्या मनात उलगडण्यासारखी कोडी घातली. ती त्यांना जरा बरी सोडवता आली, आणि तो परिणाम पंधरा मिनिटांच्या आतबाहेर ओसरूनही गेला. त्यात एकही लहान मूल नव्हतं, बुद्धी कायमची वाढल्याचंही कोणी म्हटलं नव्हतं. पण बातमी पसरता पसरता ‘संगीत ऐकवा, बाळ हुशार करा’ इथपर्यंत पोचली. १९९८ साली जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनी तर प्रत्येक नवजात बाळाच्या घरी सरकारी खर्चानं शास्त्रीय संगीताची सीडी पाठवायचा प्रस्ताव मांडला होता.

पुढं लोकांनी नीट तपासून बघितलं. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ साली चार वर्षांच्या मुलांवर केलेले दोन प्रयोग प्रसिद्ध केले. काही मुलं सहा आठवडे पालकांसोबत संगीतवर्गाला गेली, एका प्रयोगात दुसरा गट चित्रकलेला गेला, दुसऱ्या प्रयोगात दुसरा गट कुठंच गेला नाही. शब्दसंपत्ती, संख्या, आकार यांच्या चाचण्यांत संगीताच्या मुलांना भरवशाची अशी आघाडी मिळाली नाही. २०२० साली ५४ अभ्यास आणि सुमारे ७,००० मुलं एकत्र धरून केलेला आढावा आला. ज्या अभ्यासांत तुलना काटेकोर होती, म्हणजे दुसऱ्या गटालाही नाटक किंवा चित्रकलेसारखं काहीतरी शिकवलेलं होतं, तिथं गणित-वाचन-बुद्ध्यांकातला फायदा जवळजवळ शून्यावर आला.

तेव्हा गणितासाठी गाण्याच्या वर्गाला घालू नका. पैसे फुकट जातील, आणि त्याहून वाईट म्हणजे घरी येऊन ‘काय शिकलास, म्हणून दाखव’ असा लकडा लागेल आणि मूल गाण्यालाच घाबरेल.

तरीही मी रोज मुलांबरोबर गाते, आणि सगळ्या बालवाड्यांत, अंगणवाड्यांत ते रोज व्हावं असं मला मनापासून वाटतं. त्याची कारणं वेगळी आहेत.

कान तयार होतो म्हणजे काय होतं

बाळ पोटात असतानाच, साधारण पंचविसाव्या आठवड्यापासून, त्याला ऐकू यायला लागतं. शब्द कळत नाहीत, पण आईच्या बोलण्याची चाल पोचते. पाण्यात बुडी मारल्यावर काठावरचं बोलणं जसं ऐकू येतं तसं, अक्षरं विरघळलेली आणि नुसते चढउतार शिल्लक. म्हणून जन्मताना मूल भाषेची लय घेऊनच येतं. २००९ साली हंगेरीत दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा एक ठेका ऐकवला आणि मधूनच त्याची सम गाळली. मेंदूच्या आलेखात त्या क्षणी दचकल्यासारखी खूण उमटली. इथं ठोका यायला हवा होता, ही अपेक्षा झोपेतसुद्धा होती.

आता हे भाषेशी कसं जुळतं ते बघा. कागदावर दोन शब्दांच्या मध्ये जागा सोडलेली असते, बोलण्यात तशी नसते. ‘उद्याआपणनिपाणीलाजाऊया’ असं सगळं सलग येतं. त्या सलग दोऱ्यातनं मुलाला शब्द सुटे करायचे असतात, आणि त्याला आधार असतो तो ठोक्यांचा, लांबी-आखूडपणाचा, आवाजाच्या चढउतारांचा. सेकंदाला चार-पाच या वेगानं अक्षरांचे ठोके येत राहतात आणि ऐकणाऱ्याचा मेंदू त्या ठोक्यांबरोबर आपलं लक्ष वर-खाली करतो. पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज असला की कान त्या क्षणी टवकारलेला असतो.

त्यातही आणखी बारीक कामं असतात. ‘पाट’ आणि ‘पाठ’ यांतला फरक जीभ टाळूपासून सुटल्यानंतरच्या हवेच्या छोट्याशा झोताचा, सेकंदाच्या काही शतांश भागांचा. ‘काल’ आणि ‘काळ’ यांत जीभ किती मागं वळते एवढंच. आणि आमच्याकडच्या मुलाला हे दुसऱ्या भाषेतही करायचं असतं. कन्नडमध्ये ‘हालु’ म्हणजे दूध आणि ‘हल्लु’ म्हणजे दात. पहिल्यात ‘हा’ लांबवायचा, दुसऱ्यात ‘ल’वर क्षणभर थांबायचं. वेळ कुठं दिला आणि कुठं कापला एवढाच फरक. जिला गाण्यात ‘ही जागा लांब, ही आखूड’ असं रोज ऐकायची सवय आहे, तिच्यासाठी हा ओळखीचा खेळ असतो.

यावर प्रयोगही झालेत. अमेरिकेत २०१६ साली नऊ महिन्यांच्या ३९ बाळांवर काम झालं. अर्धी बाळं बारा वेळा संगीताच्या खेळाला आली. तीन-तीन मात्रांची चाल, आपल्या दादऱ्यात सहा मात्रांचे तीन-तीनचे दोन भाग पडतात तशी, आणि आईच्या मांडीवर बसून त्या चालीवर टाळ्या, खुळखुळा. बाकीची अर्धी तेवढाच वेळ गाड्या-ठोकळ्यांशी खेळली. नंतर मेंदूची प्रतिक्रिया मोजली तेव्हा खेळाच्या ठेक्यातली गडबड संगीताच्या बाळांना जास्त ठळक कळली. आणि बोलण्यातल्या अक्षराची लांबी बदलली तेव्हाही कळली. भाषेचा धडा त्यांना दिलेला नव्हता.

कॅनडात २००२ साली चार-पाच वर्षांच्या १०० मुलांची चाचणी घेतली होती. सूर आणि ताल यांतला फरक ज्यांना चांगला कळत होता, त्यांना शब्दातले आवाज सुटे करणं आणि सुरुवातीचं वाचणंही बरं जमत होतं. यात एकामुळं दुसरं झालं असं ठामपणे म्हणता येत नाही, दोन्हींच्या मुळाशी एकच चांगला कान असू शकतो. पण वाचायला बसण्याआधी शब्दाचे तुकडे कानानं पाडता यावे लागतात, हे कुठल्याही बालवाडीच्या बाईला अनुभवानं माहीत आहे. ज्याला ‘क-म-ळ’ ऐकून वेगळं करता येत नाही, त्याला फळ्यावरचं ‘कमळ’ हे नुसतं चित्र असतं.

सीमाभागात ही गोष्ट जास्त मोलाची ठरते. घरी मराठी, बाजारात आणि शेजारी कन्नड, गल्लीत एखाद्या घरी उर्दू किंवा कोंकणी, आणि एलकेजीत बसवलं की इंग्रजी. पुष्कळ पालकांना भीती वाटते की पोर गोंधळेल. एकापेक्षा जास्त भाषा ऐकल्यानं मूल मागं पडत नाही. फक्त प्रत्येक भाषा त्याला माणसाच्या तोंडून, भरपूर आणि आपुलकीनं ऐकायला मिळाली पाहिजे. गाणं ही त्यासाठी सर्वांत सोपी वाट. तेच शब्द, त्याच क्रमानं, दहादा, आणि कंटाळा नाही. माझ्या वर्गात रोज एक मराठी आणि एक कन्नड गाणं असतं. कन्नड गाणं मी नाही शिकवत. आमच्या मदतनीस अक्का शिकवतात आणि मी मुलांच्या रांगेत बसून शिकते. माझा उच्चार चुकला की मुलं मला सुधारतात.

हात, पाय आणि ‘थांब’

गाणं कानानं ऐकतात असं आपण म्हणतो, पण लहान मूल ते अंगानं ऐकतं. २००५ साली कॅनडात सात महिन्यांच्या बाळांना एकच ठेका ऐकवला, ज्यात जोर कुठं द्यायचा ते मुद्दाम ठरवलेलं नव्हतं. काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला हातावर उसळवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर ज्या बाळाला जसं उसळवलं होतं, तसा जोर दिलेला ठेका त्याला जास्त आवडला. म्हणजे ठेका कसा ऐकायचा हे अंगानं ठरवलं. आपल्या आज्या मांडीवर घेऊन गुडघे हलवत गातात, त्यात हेच चालू असतं.

तीन वर्षांच्या मुलाला बाहेरच्या ठेक्याशी हात जुळवणं अवघड जातं, हे मात्र ध्यानात ठेवावं. त्याची स्वतःची चाल आपल्यापेक्षा बरीच जलद असते. म्हणून वर्गात मी आधी मुलाच्या चालीवर जाते. ते जसं दणादण वाजवतं तसं मी गाते, आणि मग हळूहळू वेग कमी करते. मुलाला ओढून आपल्या तालात आणायला गेलं की ते वाद्य टाकून उठतं. वाद्यं तरी काय, आमच्याकडं आहेत दोन छोटे टाळ, एक डफली, नारळाच्या करवंट्या आणि डब्यात भरलेले चिंचोके.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो थांबण्याचा खेळ. डफली वाजते तोवर नाचायचं, थांबली की पुतळा. ऐकायला किती साधं! पण अंग जोरात असताना ते आवरणं हे या वयातलं फार मोठं काम आहे. मेंदूचा जो पुढचा भाग ‘थांब, आत्ता नको’ म्हणतो, तो तीन ते सहा या वर्षांत झपाट्यानं तयार होत असतो. रांगेत उभं राहणं, दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत गप्प राहणं, हातातला खेळ देणं, सगळं त्याच आवरण्यावर उभं आहे. एक मुलगा होता, तो पहिले दोन महिने डफली थांबल्यावरही धावतच राहायचा. मी त्याच्या हातात डफली दिली. आता थांबवायचं काम त्याचं. दहा-बारा दिवसांत त्याला दुसऱ्यांना थांबवता यायला लागलं आणि त्यानंतर स्वतःला. डफली हातात घेऊन तो श्वास रोखून सगळ्यांकडं बघायचा, डोळे चमकायचे, आणि मगच पुढचा ठोका.

गाण्यानं रडं थांबतं हे आयांना ठाऊकच आहे. कॅनडातल्या एका अभ्यासात ते घड्याळ लावून मोजलं. वर्षाच्या आतली बाळं अनोळखी भाषेतलं गाणं ऐकताना रडकुंडीला यायच्या आधी सुमारे नऊ मिनिटं टिकली, नुसतं बोलणं ऐकताना सुमारे चार.

फोनवरचं गाणं का पुरत नाही

‘आमची बघते की फोनवर, सगळी गाणी पाठ आहेत तिला’ असं मला फार वेळा ऐकायला मिळतं. पाठ असतात हे खरं. पण जर्मनीत २००९ साली अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना ढोल वाजवायला दिला. कधी समोर माणूस वाजवत होता, कधी यंत्र, कधी नुसता स्पीकर. समोर माणूस असला तर अडीच वर्षांचं मूलही आपली चाल त्याच्याशी जुळवून घ्यायला धडपडत होतं आणि ते त्याला जास्त नेमकं जमत होतं. ठोके तेच, पण फोन मुलाकडं बघत नाही, त्याच्यासाठी वेग कमी करत नाही, चुकल्यावर हसत नाही.

त्याच गटानं २०१० साली चार वर्षांच्या ९६ मुलांच्या जोड्या केल्या. काही जोड्या गात-वाजवत खेळल्या, काही तोच खेळ गाण्याशिवाय खेळल्या. नंतर एकाच्या नळीतल्या गोट्या सांडतील अशी व्यवस्था केली होती. गाणाऱ्या जोड्यांतली मुलं मदतीला जास्त धावली. एका तालात अंग हलवलं की समोरचा ‘आपला’ वाटायला लागतो. याचा प्रयोग आपल्या भागात दर वर्षी होतो असं मला वाटतं. गावच्या भजनात पखवाजावर हात पडला की कोण कुठल्या भाषेचा, कुठल्या गल्लीचा हे मागं पडतं, आणि आजोबांच्या मांडीवरचं मूल टाळ धरून बसलेलं असतं. झिम्मा-फुगडीत पोरी धापा टाकतात ते काही वेगळं नाही. खिडकीजवळची ती चार टाळ्यांची मुलगी जूनमध्ये एकटी डबा खायची. त्या खेळानंतर तिच्या शेजारी जागेसाठी भांडणं लागली, कारण ‘चारवाली’ टाळी तिला येत होती.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं आहे की दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोर बसण्याचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा, कमी असेल तर आणखी बरं. वर्षाच्या आतल्या बाळाला तर अजिबात नाही.

वर्ग निवडताना मी काय बघेन

शिकवणारी व्यक्ती मुलांच्या पट्टीत गाते का, हे सर्वांत आधी. मोठी माणसं आपल्या सोयीच्या खालच्या पट्टीत गातात आणि मूल तिथं पोचू शकत नाही. मग ते बोलल्यासारखं पुटपुटतं आणि आपण म्हणतो, हिला सूर नाही. पेटीच्या मधल्या सप्तकात पांढरी दोन ते पांढरी सहा, साधारण एवढ्या टापूत तीन-चार वर्षांचं मूल आरामात गातं. गाणं तेवढ्यात बसवलं की बेसूर ठरवलेली मुलंही सुरात येतात. हे मी कितीदा बघितलंय.

जिथं तासभर मांडी घालून सारेगम घोकून घेतात, परीक्षांची नावं सांगतात, तिथं या वयात नको. पेटी, तबला शिस्तीनं शिकायला सहा-सात वर्षांनंतर भरपूर वेळ आहे. कुमार गंधर्वांचं उदाहरण लगेच पुढं येतं, कारण ते आपल्याच मातीतले. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळचं सुळेभावी. पण तेसुद्धा आधी घरातलं गाणं आणि तबकड्या ऐकून गायला लागले, रीतसर शिक्षण मुंबईला गेल्यावर. आणि अशी मुलं शतकात एखादी होतात, त्यांच्या मापानं आपल्या मुलाला मोजू नये.

कानाबद्दलही सांगायला हवं. एका स्नेहसंमेलनात आमच्या मुलांना स्पीकरच्या भिंतीपुढं उभं केलं होतं. गाणं सुरू झालं आणि एक मुलगी दोन्ही कानांवर हात घेऊन खाली बसली. लोकांना वाटलं लाजली. तिला ते दुखत होतं. आतल्या कानातल्या ज्या बारीक केसपेशी आवाज पकडतात त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत, तीन वर्षांच्या मुलाच्याही नाहीत. मिरवणुकीत डीजेच्या गाडीमागं मूल खांद्यावर घेऊन चालू नका.

आणि गाण्याच्या वर्गात एखादं मूल सतत उशिरा टाळी वाजवत असेल, दुसऱ्यांकडं बघून वाजवत असेल, पाठ फिरवून हाक मारली तर वळत नसेल, तर त्याला हट्टी म्हणण्याआधी कान तपासून घ्या. या वयात सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागं पाणी साठून ऐकू कमी येणं फार आढळतं, आणि ते वेळेत कळलं तर बहुतेकदा बरं होतं. कानात तेल मात्र ओतू नका.

गावात वर्ग नाही, मग काय, असं परवा हंदिगनूरकडच्या एका आजीनं विचारलं. तिची नात तिच्याजवळ असते, आईबाप कामाला जातात. मी विचारलं, भाकरी कोण थापतं? म्हणाली, मीच की. मग नातीला परातीजवळ बसवा, लिंबाएवढा गोळा द्या आणि थापताना गावा, तुम्हाला येतं ते काहीही, ओवी, आरती, कन्नड पद. हात परातीवर पडतो तो ठेका, भाकरी फिरवताना क्षणभर हात उचलतो तो खंड. आजी म्हणाली, ‘माझा आवाज काय गाण्याचा हाय होय?’ नात तोवर मांडीवर थापट्या मारायला लागली होती.